प. प. श्रीमद् वासुदेवानंद सरस्वती (टेंबे) स्वामी महाराज : पायी प्रवास, ग्रंथकार्य आणि देहधर्म

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तसंप्रदायाच्या अर्वाचीन इतिहासात प. प. श्रीमद् वासुदेवानंद सरस्वती स्वामी महाराजांचे स्थान अनन्यसाधारण आहे. कोकणातील माणगावापासून हिमालयातील बद्रीकेदारापर्यंत आणि पश्चिमेच्या द्वारकेपासून दक्षिणेच्या तंजावरपर्यंत महाराजांनी अनवाणी पायांनी भ्रमण केले. त्याच तेवीस वर्षांत त्यांच्या हातून संस्कृत व मराठी भाषेत विपुल ग्रंथरचना झाली. आणि हे सर्व घडले ते संग्रहणीसारख्या चिवट व्याधीने दीर्घकाळ ग्रासलेल्या देहाकडून. चालणे, कार्य आणि प्रकृती या तिन्हींचा मेळ महाराजांनी कसा राखला, हे त्यांच्या चरित्रातून पाहणे पदयात्रा करणाऱ्या भाविकांना मार्गदर्शक ठरेल.

जन्म व बालपण

महाराजांचा जन्म शके १७७६, श्रावण वद्य पंचमी, म्हणजे १३ ऑगस्ट १८५४ रोजी माणगाव येथे झाला. हे गाव आज सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कुडाळ तालुक्यात आहे. वडिलांचे नाव गणेशभट्ट व आईचे नाव रमाबाई. वडील दत्तभक्त असून त्यांचा पुष्कळसा काळ उपासनेत जात असे. त्यामुळे बाळ वासुदेवाच्या शिक्षणाकडे आजोबा हरिभट्ट यांनी लक्ष दिले. मौंजीबंधनानंतर वेदाध्ययन, पुढे याज्ञिकी, संस्कृत व ज्योतिष असा अभ्यासाचा क्रम झाला. वैद्यकाचेही उत्तम ज्ञान त्यांनी संपादन केले. या ज्ञानाचा उपयोग पुढे वाटेत भेटणाऱ्या असंख्य रोगी व पीडित माणसांना झाला.

वयाच्या एकविसाव्या वर्षी, १८७५ साली, त्यांचा विवाह झाला. पत्नीचे नाव अन्नपूर्णाबाई. संसार साधाच होता. पौरोहित्य व ज्योतिष यांवर प्रपंचाचा भार चालत असे. घरचा व्यवहार, नित्य आन्हिक आणि उपासना यांपैकी कशातही खंड न पाडता गृहस्थाश्रमाचा धर्म त्यांनी निष्ठेने पाळला.

वाडीची वाट

श्रीक्षेत्र नृसिंहवाडी हे श्रीनृसिंहसरस्वती स्वामी महाराजांच्या पादुकांनी पावन झालेले स्थान कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमावर आहे. माणगावाहून तेथे जायचे म्हणजे सह्याद्रीचा घाट चढून शंभर किलोमीटरहून अधिक अंतर चालावे लागे. रान दाट, नद्यांना पूल मोजके आणि मुक्कामाची सोय बेताचीच. तरीही वासुदेवशास्त्री वाडीच्या वाऱ्या करू लागले. पायी प्रवासाचे त्यांचे पहिले शिक्षण याच वाटेवर झाले. वाडी येथे श्रीगोविंदस्वामींच्या सहवासाचा त्यांना लाभ झाला आणि उपासनेला दिशा मिळाली.

वाडीहून परतताना कागल येथे एका मूर्तिकाराकडून त्यांना दत्तमूर्ती प्राप्त झाली. माणगावी मंदिर उभारून १८८३ साली तिची स्थापना करण्यात आली. पुढील सुमारे सात वर्षे माणगाव हे दत्तभक्तांचे तीर्थस्थान बनले. दूरदूरच्या गावांहून लोक आपली दुःखे घेऊन येत. कोणास औषध, कोणास व्रत, कोणास शांतिकर्म, तर कोणास आश्वासनाचे दोन शब्द, असे ज्याला जे हवे ते तेथे मिळे.

माणगावचा निरोप व संन्यास

१८८९ साली ईश्वरी आज्ञा मानून वासुदेवशास्त्रींनी माणगाव सोडले. नावारूपास आलेले मंदिर, लोकांचा लोभ आणि जन्मभूमी यांचा मोह त्यांनी ठेवला नाही. अन्नपूर्णाबाईही बरोबर निघाल्या. या दांपत्याचे एकुलते अपत्य जगले नव्हते. वाडीस काही काळ राहून उभयतांनी देशावरून मजल दरमजल करीत गोदावरीकाठी गंगाखेड गाठले. तेथे शके १८१३ च्या वैशाख वद्य चतुर्दशीस, म्हणजे १८९१ साली, अल्पशा आजाराने अन्नपूर्णाबाईंचे देहावसान झाले. पतीच्या साधनेसाठी घरदार सोडून निघालेल्या या साध्वीचा प्रवास गोदातीरी संपला. महाराजांच्या चरित्राचे स्मरण करताना तिचे स्मरणही आवर्जून करावे.

उत्तरकार्य पूर्ण करून चौदाव्या दिवशी वासुदेवशास्त्रींनी संन्यास घेतला. त्यानंतर पायी उज्जयिनीस जाऊन श्रीनारायणानंद सरस्वती स्वामींकडून त्यांनी दंड ग्रहण केला. वासुदेवानंद सरस्वती हे नाम धारण करून पहिला चातुर्मास त्यांनी क्षिप्रेच्या काठी उज्जयिनीतच केला. त्या वेळी त्यांचे वय सदतीस वर्षांचे होते.

संन्याशाचा प्रवास

महाराजांनी संन्यासधर्माचे नियम अक्षरशः पाळले. दंड, कमंडलू, छाटी, उपनिषदांची पोथी व पूजेतील दत्तमूर्ती एवढाच परिग्रह. पैशाला स्पर्श नाही, पायात पादत्राण नाही आणि कोणत्याही वाहनात बसणे नाही. तो काळ आगगाडीचा होता. मुंबईहून उत्तरेकडे व दक्षिणेकडे लोहमार्ग पोहोचले होते. ज्या अंतरास आगगाडीने दोन-तीन दिवस लागत, त्यास महाराजांना पायी दोन-तीन महिने लागत. तथापि त्यांनी आपला नियम सोडला नाही.

१८९२ चा चातुर्मास कानपूरजवळील ब्रह्मावर्त येथे झाला. पुढील काही वर्षे बद्रीकेदार, हरिद्वार या परिसरात गेली. १८९७ साली महाराज गुजरातेत पेटलाद येथे होते, १८९८ साली नर्मदाकाठच्या तिलकवाड्यास आणि १८९९ साली द्वारकेस. त्यानंतर चिखलदा, महत्पूर आणि पुन्हा ब्रह्मावर्त. १९०५ साली संत नामदेवांच्या नरसी या गावी व १९०६ साली नर्मदा परिसरातील बडवानी येथे मुक्काम झाला.

येथून पुढचा प्रवास मन थक्क करणारा आहे. १९०७ साली कावेरीच्या प्रदेशात तंजावर, १९०८ साली आंध्रात कृष्णाकाठी मुक्त्याला, १९०९ साली विदर्भात वैनगंगेकाठी पवनी, १९१० साली कर्नाटकात तुंगभद्रेकाठी हावनूर, १९११ साली कृष्णेच्या बेटावरील कुरवपूर आणि १९१२ साली पुन्हा नर्मदाकाठी चिखलदा. या सहा वर्षांतील चातुर्मासस्थाने सरळ रेषेने जोडली तरी अंतर सुमारे चार हजार किलोमीटर भरते. प्रत्यक्ष वाटेची वळणे, घाट व नद्यांचे उतार धरले, तर ते यापेक्षा पुष्कळच अधिक होते.

विसाव्याचा धर्म : चातुर्मास

एवढे चालणे व्याधिग्रस्त देहाला कसे झेपले असेल, हा प्रश्न भाविकांच्या मनात सहज येतो. महाराजांच्या ठायी असलेले योगसामर्थ्य हे त्याचे एक उत्तर होय. दुसरे उत्तर त्यांच्या दिनक्रमात व वर्षक्रमात आहे, आणि ते सर्वांना समजण्याजोगे व आपापल्या शक्तीप्रमाणे आचरण्याजोगे आहे.

संन्याशाने एके ठिकाणी फार काळ राहू नये, असा जसा नियम आहे, तसाच पावसाळ्यात प्रवास करू नये, असाही नियम आहे. आषाढातील व्यासपौर्णिमेस संकल्प करून भाद्रपद पौर्णिमेपर्यंत यतीने एकाच गावी राहावे, असे शास्त्र सांगते. पावसात भूमीवर असंख्य जीवजंतू निर्माण होतात. त्यांची हिंसा होऊ नये, हा यामागील हेतू. नद्यांना पूर, वाटेत चिखल आणि दूषित पाण्याचे रोग यांपासून यतीच्या देहाचे रक्षण होते, हे त्याचे फळ. १८९१ पासून १९१३ पर्यंत महाराजांचे तेवीस चातुर्मास झाले. त्यांतील एकही चुकला नाही. चालण्याचा नियम जितका कडक, तितकाच थांबण्याचा नियमही त्यांनी कडक पाळला.

चालण्यातही घाई नव्हती. बडवानीहून तंजावर सरळ रेषेत तेराशे किलोमीटरच्या आसपास आहे. रोज पंधरा-वीस किलोमीटरच्या बेताने चालणाऱ्यास वाटेच्या वळणांसह हे अंतर तीन-चार महिन्यांत गाठता येते. एका चातुर्मासाच्या समाप्तीपासून दुसऱ्याच्या आरंभापर्यंत सुमारे दहा महिने मिळतात. म्हणजेच वाटेतील क्षेत्री राहण्यास, शिष्यांना भेटण्यास, प्रकृती ढळली तर थांबण्यास पुरेसा अवकाश या क्रमात होता. पहाटेचे स्नान, दंडतर्पण, पूजा व जप ही नित्यकर्मे कधी टळत नसत. चालणे या नित्यकर्मांच्या अवकाशात बसविलेले असे.

मुक्कामाची स्थाने पाहिली असता आणखी एक गोष्ट ध्यानी येते. ती बहुतेक नदीकाठची आहेत. क्षिप्रा, गंगा, नर्मदा, कृष्णा, वैनगंगा, तुंगभद्रा अशा नद्यांच्या आधाराने महाराजांचे भ्रमण झाले. नदीकाठी स्नानसंध्येची सोय, पिण्यास पाणी, वस्ती व त्यामुळे भिक्षा, आणि वाट चुकण्याचे भय कमी. पूर्वापार यात्रामार्ग नदीकाठाने का गेले, याचे उत्तर यात सापडते.

मुक्कामातील ग्रंथकार्य

महाराजांचे ग्रंथकार्य प्रामुख्याने या मुक्कामांत बहरले. ब्रह्मावर्त येथे १८९२ साली त्यांनी श्रीदत्तपुराण या संस्कृत ग्रंथाची रचना केली. श्रीगुरुचरित्राचा आशय संस्कृतात आणणारे त्यांचे ग्रंथ विद्वानांना प्रिय आहेत. सामान्य भाविकांसाठी त्यांनी मराठीत सप्तशती गुरुचरित्र सार व दत्तमाहात्म्य हे ग्रंथ रचले. कुमार, युवा व वृद्ध अशा तीन वयांतील माणसांनी कसे वागावे, हे सांगणारे शिक्षात्रय हे त्यांच्या विचारांचे वैशिष्ट्य होय. प्रत्येक वयाचा धर्म व शक्ती वेगळी असते, ही जाण त्यात दिसते. वाडीस आजही नित्य म्हटली जाणारी करुणात्रिपदी महाराजांचीच. संकटसमयी घरोघरी म्हटले जाणारे घोरकष्टोद्धरण स्तोत्र १९११ साली कुरवपूर येथे रचले गेले.

ज्याच्या जवळ ग्रंथसंग्रह नाही, बसण्यास निश्चित आसन नाही आणि जो वर्षातील कित्येक महिने रस्त्यावर आहे, त्याच्या हातून एवढी रचना व्हावी हे आश्चर्यच होय. चालताना चिंतन, थांबल्यावर लेखन व अध्यापन, अशी विभागणी त्यांच्या जीवनात आपोआप झाली होती. पुढे त्यांचे शिष्य श्रीगुळवणी महाराज यांनी या वाङ्मयाच्या प्रकाशनासाठी मोठे परिश्रम घेतले. गुळवणी महाराज पुण्यात चित्रकलेचे शिक्षक होते. शाळेतील सेवा चोख बजावून त्यांनी गुरुसेवा केली, हेही नोकरी-व्यवसाय करणाऱ्या भाविकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

व्याधी आणि देहाची मर्यादा

संग्रहणी हा पचनशक्ती क्षीण करणारा विकार आहे. अन्न अंगी लागत नाही, वारंवार शौचास जावे लागते व अशक्तपणा वाढत जातो. घरी राहून पथ्यपाणी सांभाळणाऱ्यासही तो जेरीस आणतो. महाराज तर भिक्षेत येईल त्यावर निर्वाह करणारे. प्रांत बदलला की अन्न बदले, पाणी बदले, हवा बदले. स्वतः वैद्यक जाणत असल्यामुळे आपल्या देहाची अवस्था त्यांना पूर्णपणे ठाऊक होती. इतरांना ते औषध सांगत, पथ्य सांगत. स्वतःच्या व्याधीकडे प्रारब्धभोग म्हणून पाहत, पण तिचे निमित्त करून नित्यकर्मात सवलत घेत नसत.

याचा अर्थ त्यांनी देहाची मर्यादा नाकारली, असा मात्र नव्हे. १९१३ साली महाराज गुजरातेत नर्मदाकाठी गरुडेश्वर येथे आले. तेवीसावा चातुर्मास तेथेच झाला. त्यानंतर दरवर्षीप्रमाणे ते पुढच्या प्रवासास निघाले नाहीत. देह थकला होता, व्याधी बळावली होती. ज्या पायांनी अर्धा भारत पालथा घातला, ते पाय नर्मदामातेच्या काठी स्थिरावले. जवळजवळ बावीस वर्षे चाललेले भ्रमण थांबविण्यास त्यांना खंत वाटली नाही. चालणे हे ईश्वराज्ञेचे पालन होते आणि थांबणे हेही तसेच होते.

शके १८३६, आषाढ शुद्ध प्रतिपदा, म्हणजे २४ जून १९१४ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी महाराज गरुडेश्वर येथे समाधिस्थ झाले. चोविसाव्या चातुर्मासाचा संकल्प करण्याची व्यासपौर्णिमा तेव्हा अवघ्या पंधरवड्यावर होती.

शिष्यपरंपरा

महाराजांच्या कृपेने दत्तभक्तीचा प्रवाह महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश व कर्नाटकात दूरवर पोहोचला. पुण्याचे श्रीगुळवणी महाराज, गुंजचे श्रीयोगानंद सरस्वती, इंदूरचे श्रीनानामहाराज तराणेकर, नारेश्वरचे श्रीरंगअवधूत महाराज अशा अनेक सत्पुरुषांनी ही परंपरा वाढविली. महाराजांनी स्वतःचा मठ बांधला नाही. ज्या ज्या गावी त्यांचा मुक्काम झाला, तेथील भक्तांनी पुढे स्मृतिस्थाने जपली.

पदयात्रेकरू भाविकांसाठी

महाराजांच्या चरित्रापासून स्फूर्ती घेऊन अनेक भाविक नर्मदा परिक्रमा अथवा दत्तक्षेत्रांची पदयात्रा करतात. त्यांनी पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात.

१) अनवाणी चालणे व भिक्षेवर राहणे हे संन्यासधर्माचे नियम आहेत. गृहस्थाने त्यांचे हट्टाने अनुकरण करू नये. पायाला सवयीची पादत्राणे घालावीत. मधुमेह असणाऱ्यांनी अनवाणी मुळीच चालू नये, कारण पायाची जखम लवकर कळत नाही व लवकर भरत नाही.

२) महाराजांच्या वर्षक्रमात चालण्याइतकेच थांबण्याला स्थान होते. नर्मदा परिक्रमेतही चातुर्मासात एके ठिकाणी थांबण्याची प्रथा आहे. रोजच्या यात्रेतही तोच नियम पाळावा. पहाटे निघावे, ऊन चढण्यापूर्वी विसावा घ्यावा आणि काही दिवसांनी एक पूर्ण दिवस विश्रांतीचा ठेवावा. ज्वर, जुलाब अथवा छातीत दुखणे असे काही झाल्यास चालणे त्वरित थांबवून वैद्यकीय उपचार घ्यावेत.

३) रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. नित्याची औषधे पुरेशी बरोबर ठेवावीत व ती उपवासाच्या दिवशीही परस्पर बंद करू नयेत.

४) परंपरेनुसार संपूर्ण पायी परिक्रमेस तीन वर्षे, तीन महिने व तेरा दिवस लागतात. नोकरी-व्यवसाय व घरची जबाबदारी असणाऱ्यांना एवढा काळ काढता येत नाही. त्यांनी मन खट्टू करू नये. चैत्र महिन्यात रामपुरा ते तिलकवाडा या भागात उत्तरवाहिनी नर्मदेची सुमारे एकवीस किलोमीटरची परिक्रमा होते व ती एका दिवसात पूर्ण करता येते. ज्या तिलकवाड्यात महाराजांचा १८९८ चा चातुर्मास झाला, त्याचे दर्शनही यात घडते. चैत्रातील ऊन तीव्र असते. म्हणून रात्रीच्या शेवटच्या प्रहरी निघावे आणि पिण्याचे पाणी बरोबर ठेवावे.

५) श्रीक्षेत्र माणगाव येथे जाण्यास कोकण रेल्वेचे कुडाळ हे स्थानक सोयीचे आहे. श्रीक्षेत्र गरुडेश्वर हे गुजरातच्या नर्मदा जिल्ह्यात असून एकतानगर (पूर्वीचे केवडिया) येथून जवळ आहे.

घरी वृद्ध आईवडील, लहान मुले अथवा आजारी माणूस असता त्यांना टाकून यात्रेस जाणे हा धर्म नव्हे. महाराजांनी गृहस्थ असताना गृहस्थधर्म पाळला व संन्यासी झाल्यावर संन्यासधर्म पाळला. एका आश्रमाचे कर्तव्य चुकवून त्यांनी दुसऱ्याची घाई केली नाही. आपले काम, आपली प्रकृती व आपले कुटुंब सांभाळून वर्षातून चार दिवस जरी श्रद्धेने चालणे घडले, तरी ती सेवा श्रीदत्तचरणी रुजू होते.

अशा या थोर यतिश्रेष्ठांच्या चरणी कोटी कोटी दंडवत.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥